बाबांचा पाय आणि साखरेची वही



कुटुंबाच्या या पानावर मुलांचे शिक्षण, सासू-सुनेचे नाते, लग्नातील अनाठायी खर्च असे विषय नेहमी येतात. आज मी लिहिणार आहे ते दवाखान्याविषयी आहे. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला, कचेरीत फायली सांभाळणारा लिपिक आहे आणि संध्याकाळी वस्तीत जमेल तेवढे समाजकार्य करतो. पण ज्या चुकीपायी माझ्या बाबांचा पाय गेला, तीच चूक आपल्या वस्त्यांतून आजही घरोघर होताना दिसते. ती लपवून ठेवणे बरे नाही, म्हणून लिहायला बसलो.

साल 2016. बाबासाहेबांच्या 125व्या जयंतीचे वर्ष. वस्तीत कधी नव्हे एवढा उत्साह होता. मी जयंती उत्सव समितीचा खजिनदार. पावतीपुस्तके, वर्गणी, मंडप, मिरवणूक यांतून मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाबा सकाळी विहार झाडायला गेले आणि ओल्या पायरीवरून घसरले. डावा घोटा बघता बघता टम्म सुजला. एक्स-रे काढला तेव्हा घोट्याची दोन्ही बाजूंची हाडे मोडलेली दिसली. प्लेट आणि स्क्रू बसवावे लागतील, असे डॉक्टर म्हणाले.

बाबांना आठ वर्षांपासून मधुमेह होता. आमच्या घरी त्याला 'शुगर' म्हणत आणि सर्दी-पडशाइतकीच किंमत देत. गोळ्या आणल्या की खायच्या, बरे वाटले की बंद. दाखल केले त्या दिवशी त्यांची शुगर 342 निघाली. तेथे इन्सुलिन सुरू झाले. पाय उशीवर उंच ठेवला. आणि मग दिवसामागून दिवस जाऊ लागले, पण ऑपरेशनची तारीख काही मिळेना. विचारले तर तरुण डॉक्टर घाईघाईत दोन शब्द बोलून पुढच्या खाटेकडे जात : "सूज उतरू द्या, शुगर खाली येऊ द्या."

आठव्या दिवशी माझा संयम सुटला. आपल्या माणसांना दवाखान्यात, कचेरीत, रेशन दुकानात मागे ढकलले जाते हे आपण पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे. तो अनुभव खोटा नाही. त्याच अनुभवाच्या चष्म्यातून मी हा प्रकार पाहिला. पाच कार्यकर्त्यांना घेऊन थेट मुख्य डॉक्टरांच्या दालनात गेलो आणि लेखी निवेदन दिले. मागासवर्गीय, गरीब रुग्णाला हेतुपुरस्सर ताटकळत ठेवले आहे, असे त्यात ठणकावून लिहिले होते. निवेदनाची भाषा माझीच होती आणि मला तिचा अभिमान वाटला होता.

दोन दिवसांनी बाबांचे ऑपरेशन झाले.

पुढे मला जे समजले ते असे. घोट्याच्या हाडावर मांस फारसे नसते, कातडीच असते. सूज असताना तेथे चीर दिली तर कातडी ताणली जाते आणि टाके धरत नाहीत. म्हणून सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबतात. कधी आठवडा, कधी दोन आठवडे. शिवाय रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब असल्याने जखमेला रक्त कमी पोहोचते, आणि जखम भरण्याऐवजी चिघळते. म्हणजे तो उशीर बाबांच्या हिताचा होता. डॉक्टरांनी आम्हाला शेजारी बसवून पाच मिनिटे समजावले असते तर बरे झाले असते, ही त्यांची उणीव मी आजही मानतो. पण मीही निवेदन लिहिण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला नव्हता : "साहेब, थांबण्याचे कारण काय?" आमच्या निवेदनामुळे घाई झाली का, हा प्रश्न गेली कित्येक वर्षे माझ्या उशाशी आहे.

10 एप्रिलला बाबा घरी आले. जयंती चार दिवसांवर होती. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी केळी आणली, कुणी चिकू, कुणी पेढे. रिकाम्या हाताने आजाऱ्याकडे जाऊ नये अशी आपली रीत, आणि आणलेले खाल्ले नाही तर माणूस दुखावतो अशी बाबांची समजूत. प्रत्येक पाहुण्याबरोबर साखरेचा चहा आणि बिस्किटे होतच होती. इन्सुलिन दवाखान्याने लिहून दिले होते, पण "एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही" असे एका नातेवाईकाने सांगितले आणि आम्ही ते बंद करून जुन्या गोळ्या चालू केल्या. आमच्या आत्याने तूरडाळ, भात, अंडी सगळे बंद करवले, का तर त्याने जखमेत पू होतो. शुगर तपासण्याचे यंत्र घरात नव्हते. मी तर घरीच नव्हतो.

14 एप्रिलच्या सकाळी बाबांच्या पट्टीवर रुपयाएवढा ओला डाग दिसला. त्यांनी तो आईला दाखवला आणि बजावले, "पोराला सांगू नकोस. आज बाबासाहेबांचा दिवस आहे, त्याच्या डोक्यावर खूप काम आहे." ताप नव्हता, पायही फार दुखत नव्हता. म्हणून आईलाही काही वाटले नाही. मी रात्री दीड वाजता गुलाल-निळीने माखून घरी आलो आणि झोपलो. दुसऱ्या दिवसापासून हिशेब. डाग वाढला तेव्हा कुणीतरी पट्टी सोडून हळद भरली. सहाव्या दिवशी खोलीत वास येऊ लागला, तेव्हा मी पट्टी उघडून पाहिली. टाक्यांमधून आत चकाकणारी प्लेट दिसत होती.

दवाखान्यात नेले तेव्हा शुगर 410 होती. दोनदा जखम धुतली, मग प्लेट काढली, पण जंतू हाडात शिरले होते. बुद्धपौर्णिमेला, 21 मे रोजी, बाबा दवाखान्यातच होते आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट, "जयंती चांगली झाली ना?" असे विचारले. तीन वर्षांनी, 2019 साली, ते कालकथित झाले.

या दुःखातून उठल्यावर मी ठरवले की आपण बी.कॉम. असलो तरी ही गोष्ट समजून घ्यायची. ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, सिस्टरांना विचारले, मराठीत मिळेल ते वाचले. तीन गोष्टी मनावर ठसल्या.

पहिली, शरीरात धातू असतो तेव्हा जंतूंना आयते घर मिळते. प्लेट किंवा रॉडवर ते चिकटून बसतात आणि स्वतःभोवती शेवाळासारखा चिकट थर तयार करतात. त्या थराखाली औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून असा संसर्ग एकदा खोल गेला की नुसत्या गोळ्यांनी जात नाही, पुन्हा ऑपरेशन करावे लागते. जो काही बचाव करायचा तो आधी आणि पहिल्या काही दिवसांत.

दुसरी, मधुमेही माणसाच्या पायाच्या नसा बोथट झालेल्या असतात. आत पू होत असतो तरी दुखत नाही. ताप येईलच असेही नाही. बाबांना दुखत नव्हते, याचा आम्ही जो अर्थ लावला तो अगदी उलटा होता. कधी कधी पहिली खूण जखमेवर दिसतच नाही. पथ्य आणि औषध नीट चालू असूनही शुगर अचानक वर चढते, हीच ती खूण.

तिसरी, डॉक्टर ऑपरेशन दोन तासांत संपवतो, पण जखम भरायला आठवडे आणि हाड जुळायला महिने लागतात. तेवढे दिवस रुग्ण घरच्यांच्या ताब्यात असतो. म्हणजे निम्मे काम आपले आहे.

नोव्हेंबर 2022 मध्ये आमच्या महिला मंडळातील एक मावशी मोरीत पडल्या. वय 68, खुब्याचे हाड मोडलेले आणि बारा वर्षांचा मधुमेह. मुलगा पुण्याला कंपनीत, इथे सूनच. ती रडत माझ्याकडे आली. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणाले, उद्याच ऑपरेशन. शुगर 290 होती. मी घाबरलो आणि या वेळी प्रश्न विचारला : "साहेब, शुगर एवढी असताना का नाही थांबायचे?" त्यांनी शांतपणे सांगितले. खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी व्यक्ती खाटेवर पडून राहिली तर न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून तेथे एक-दोन दिवसांत ऑपरेशन करणेच बरे. शुगर सलाईनमधून इन्सुलिन देऊन त्या वेळेपुरती आटोक्यात आणता येते. घोट्याचा न्याय वेगळा, खुब्याचा वेगळा. आणि पुढेमागे रॉड काढण्यासारखे सवडीचे ऑपरेशन असेल तर मात्र आधी तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, करून ती खाली आणूनच जावे. मला त्या पाच मिनिटांत सहा वर्षांपूर्वीचे उत्तर मिळाले.

ऑपरेशनपूर्वी आम्ही आणखी काही विचारून घेतले. चीर देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिकचे इंजेक्शन द्यायचे असते, ते मिळणार का? (हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर ते दवाखान्यात पोहोचताच शक्य तितक्या लवकर द्यावे लागते.) मावशी कोणत्या गोळ्या घेतात, त्यांतील कोणत्या बंद करायच्या? त्यासाठी सुनेने घरचे सगळे डबे पिशवीत भरून आणले, हे फार उपयोगी पडले. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या ऑपरेशनच्या वेळी धोक्याच्या ठरतात, त्या डॉक्टरांना माहीत असाव्या लागतात. ब्लेडने केस काढण्याची जुनी पद्धत आता चांगली मानत नाहीत. ब्लेडने बारीक ओरखडे पडतात आणि त्यांतच जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर कातरणाऱ्या मशीनने. एवढे विचारले म्हणून कुणी आमच्यावर ओरडले नाही. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते. न मिळाले तर निवेदनाचा मार्ग आहेच, तो मी सोडलेला नाही.

मावशी घरी आल्या त्या दिवशी मी त्यांच्या सुनेला एक दोनशे पानी वही दिली. कचेरीत माझे आयुष्य रकाने आखण्यात गेले. तेच येथे केले. तारीख, वेळ, शुगर, इन्सुलिन, जेवण, ताप, जखम आणि शेवटी शेरा. समितीने वर्गणी काढून ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घेतल्या. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायचे हेही शिकलो. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा येतो. डॉक्टरांनी सांगितले होते की शुगर साधारण 180च्या आत ठेवा, 200च्या वर जाऊ देऊ नका, आणि 70च्या खाली तर मुळीच नको. दरदरून घाम सुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलू लागला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. प्रत्येक रुग्णाचा आकडा डॉक्टर ठरवतात. आपला तो विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

जेवणात अंडी, वरण, मटकी, दही, झेपेल तसे मासे-चिकन चालू ठेवले. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळीने पू होतो हा समज निव्वळ अज्ञान आहे. पू जंतूंमुळे होतो. तंबाखूची मशेरी मात्र मावशींकडून बंद करवली, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. त्यासाठी आठवडाभर रुसवे-फुगवे झाले. भेटायला येणाऱ्यांसाठी दारावर मुलांनी पाटी लावली : "फळे, पेढे आणू नयेत. हात धुऊन आत यावे." काही पाहुणे रागावले. पाटी तशीच राहिली. जखमेला हळद, राख, तेल, कसलाही पाला लावायचा नाही. पट्टी कोरडी ठेवायची, सांगितलेल्या दिवशीच आणि साबणाने हात धुऊनच बदलायची. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायची नाही, बोथट नसांना चटका कळत नाही.

नवव्या दिवशी सुनेचा सकाळीच फोन आला. "भाऊ, काल उपाशीपोटी 148 होती, आज 231 आहे. खाण्यात काही बदल नाही. पट्टी किंचित ओली वाटते." मी त्या दिवशी रजा टाकली. अकरा वाजता आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी वही हातात घेतली, पाने उलटली आणि म्हणाले, "असे रेकॉर्ड ठेवून कुणी येत नाही." वरच्या कातडीतच थोडा संसर्ग होता. त्यांनी नमुना तपासायला पाठवला, जखम स्वच्छ केली, औषध दिले, इन्सुलिन वाढवले. आत रॉडपर्यंत काही गेले नव्हते. टाके सोळाव्या दिवशी निघाले. जखम भरल्यावर इन्सुलिन हळूहळू कमी होऊन मावशी पुन्हा गोळ्यांवर आल्या. सुई जन्मभर सुटत नाही हा समजही तेथेच संपला.

बाबांच्या वेळी सहा दिवस, मावशींच्या वेळी एक दिवस. डाग तेवढाच होता. फरक एवढाच.

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजात मधुमेह लपवण्याची एक विचित्र लाज आहे. मुलीचे लग्न जमायचे आहे, लोक काय म्हणतील, नोकरीवर काय वाटेल. यात लाज कसली? खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांच्या पायांना असह्य वेदना होत. 15 एप्रिल 1948 रोजी त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांचे औषध, पथ्य, इन्सुलिन त्या सांभाळत. त्या आजारपणातच त्यांनी घटनेचे काम पूर्ण केले आणि धम्मग्रंथ लिहिला. महामानवाने जो आजार लपवला नाही, तो आपण का लपवावा?

आणि सेवेविषयी तथागतांनी काय शिकवले ते आपण विहारात ऐकतोच. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता, कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ धुऊन खाटेवर निजवले. पेढ्यांचा पुडा घेऊन जाणे ही आजाऱ्याची सेवा नव्हे. त्याची पट्टी पाहणे, त्याचा आकडा विचारणे, त्याला दवाखान्यात नेणे ही सेवा आहे.

2023च्या जयंतीच्या बैठकीत मी एक ठराव मांडला. डीजेच्या खर्चातून काही रक्कम कापून विहारात एक ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि वह्या कायम ठेवाव्यात. तरुण मंडळींनी विरोध केला. "जयंती वर्षातून एकदा येते, काका," असे म्हणाले. मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली, प्रथमच, निवेदनासकट. सभागृहात कुणी बोलले नाही. ठराव मंजूर झाला. आता दर रविवारी वंदनेनंतर दोन मुली तिशीवरील सर्वांची शुगर तपासतात. ज्यांचे हाड मोडते त्यांच्या घरी वही जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, रेशनकार्ड, आधारकार्ड यांसाठी दवाखान्यातील आरोग्यमित्राकडे आमचा एक कार्यकर्ता सोबत जातो.

आपल्या वस्तीत हे करायला फार पैसा लागत नाही. एक यंत्र, एक वही आणि रोज लिहिणारा एक माणूस लागतो. आणि एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांना : जखम ओली दिसली तर त्याच दिवशी पोरांना सांगा. जयंती असो, लग्न असो, परीक्षा असो. त्यांच्या कामात व्यत्यय येईल म्हणून गप्प राहू नका. आम्हा पोरांना पुढे आयुष्यभर त्या गप्प राहण्याचे ओझे वाहावे लागते.

नमो बुद्धाय. जयभीम.